निरुताईंचा बर्फ

निरुताई फणसे यांनी आयुष्यात कधी बर्फ खाल्ला नव्हता. यात काय मोठं, असं कुणी म्हणेल, पण त्यांच्याविषयी काही सांगायचं तर मला इथूनच सुरुवात करावी लागते. आइस्क्रीम नाही, कुल्फी नाही, सुरसागर तळ्याच्या काठावर मिळणारा बर्फाचा गोळा नाही, फ्रिजमधलं पाणीसुद्धा नाही. चिंच, दही, लोणचं, शेंगदाणे यांचीही तीच गत. बडोद्याच्या मे महिन्यात गॅलरीच्या कठड्याला हात टेकवत नाही, तेव्हाही त्या माठातल्या पाण्यात थोडं ऊन पाणी मिसळून पीत. कारण एकच, गळा.

आम्ही नागरवाड्यातल्या या इमारतीत राहायला आलो ते १९७४ साली. हे रेल्वेत होते आणि प्रतापनगरच्या ऑफिसला सायकलने जात. शेजारच्या दोन खोल्यांत निरुताई आणि त्यांचे वडील गणपतराव, निरुताईंचे अण्णा. गणपतराव संस्थानच्या कलावंत खात्यात गाणारे होते. संस्थान गेलं, खातं गेलं, आणि ते घरी बसून एकाच विद्यार्थिनीला शिकवत राहिले, ती म्हणजे त्यांची थोरली मुलगी. धाकटी शैला लग्न होऊन पुण्याला गेली. थोरलीचं लग्न राहून गेलं. कसं राहिलं, ते मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

बर्फाची गोष्ट मात्र त्यांनीच सांगितली होती. आठेक वर्षांच्या असताना मैत्रिणींबरोबर सुरसागरवर गेल्या होत्या. कुणीतरी लाल रंगाचा गोळा हातात दिला. तो ओठांपर्यंत नेला, तेवढ्यात मागून वडिलांचा हात आला आणि गोळा तळ्यात.

"मग? रडलात?" मी विचारलं.

"छे! रडायचं कशाला? रडलं की गळा बसतो."

हे त्या गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या. हसायचं की नाही ते मला कळेना.

मांडवीजवळच्या एका मराठी मुलींच्या शाळेत त्या गाण्याच्या बाई होत्या. वर्षानुवर्षं प्रार्थना, समूहगीतं, स्नेहसंमेलनाचं स्वागतगीत. पुढे आमच्या लोकांनी मुलं गुजराती नाहीतर इंग्रजी शाळेत घालायला सुरुवात केली. मीही त्यातलीच. मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, माझ्या सुभाषला दुसरीकडे कशाला घालेन? निरुताईंचे वर्ग लहान होत गेले आणि त्या निवृत्त झाल्या त्या वर्षी गाण्याच्या तासाला, त्यांच्याच शब्दांत, "भिंती जास्त आणि मुली कमी" होत्या. घरी शिकायला येणाऱ्याही एकेक करून थांबल्या. वडील तर कधीच गेले होते.

बाहेर त्या कधी गायल्या नाहीत. दिवेलागणीला तानपुरा घेऊन बसत आणि तासभर स्वतःसाठी गात. त्यांची ती खोली आणि आमची झोपायची खोली यांच्यामध्ये एकच भिंत, तीही पातळ. हे खुर्चीत पाय पसरून म्हणत, "वसुंधरा, तिकीट न काढता बैठक मिळते बघ आपल्याला." मला गाण्यातलं काही कळत नाही. शाळेत नन्सनी शिकवलेली दोन-तीन इंग्रजी भजनं सोडली तर मी कधी गायलेही नाही. पण हे गेल्यानंतर दिवेलागणीला मी पंखा बंद करायला लागले, म्हणजे भिंतीपलीकडचं नीट ऐकू येई. गाणं संपलं की मी भिंतीवर दोनदा ठोकत असे. ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ. त्या ठोकण्याबद्दल आम्ही समोरासमोर कधीच बोललो नाही. सुभाष सुरतेला होता, महिन्यातून एकदा येई. बाकी दिवसांत माझ्याशी बोलणारं म्हणजे दूधवाला, भाजीवाली आणि ती भिंत.

१९९६च्या उन्हाळ्यात निरुताई बारीक व्हायला लागल्या. पोटात दुखतं म्हणून ओव्याचं पाणी घेत राहिल्या. जूनमध्ये ऑपरेशन झालं तेव्हा कळलं, की आतड्यातली गाठ काढली तरी आजार यकृतापर्यंत पोचला होता. शैला पुण्याहून आली, पंधरा दिवस राहिली, पण तिच्या घरीही नवरा अंथरुणावर होता. जाताना माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "वहिनी, तुम्ही आहात ना?" मी आहे म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

औषध द्यायचं की नाही ते ठरवायला आम्ही दोघी माने डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर आपल्यातलेच, तरुण आणि सरळ बोलणारे.

"बाई, हे बरं होण्यासाठी नाही, ते आधीच सांगतो. थोडा काळ जास्त मिळावा आणि तो बरा जावा, एवढ्यासाठी आहे."

निरुताईंनी एकच विचारलं. "आवाज राहील का?"

"आवाज? आजार पोटात आहे. गळ्याचा काय संबंध?"

"संबंध तुम्ही बघा. राहील की नाही ते मला सांगा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी समजावून सांगितलं ते मी तेव्हाच लिहून ठेवलं होतं, म्हणून आज सांगू शकते. हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात, पण शरीरात काही निरोगी पेशीही तशाच घाईच्या असतात. तोंडाच्या आतलं नाजूक अस्तर त्यातलंच, ते सारखं झिजतं आणि सारखं नवं होतं. औषधाला आपलं आणि परकं कळत नाही. त्यामुळे अनेकांच्या तोंडात, जिभेवर, घशाशी फोड येतात. खाता येत नाही, बोलता येत नाही. गाणं तर दूरच.

"म्हणजे संबंध आहे," निरुताई म्हणाल्या.

"आहे. पण त्यावर एक साधा उपाय निघालाय. औषध शिरेतून देताना तोंडात बर्फ धरून ठेवायचा. आधी पाच मिनिटं आणि नंतर अर्धा तास. गारव्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळे तिथे औषध कमी पोचतं. हे औषध रक्तात जोरात असतं ते थोडाच वेळ. तेवढा वेळ टळला की बरंचसं निभावतं. सगळ्या औषधांना हे चालत नाही, याला चालतं."

'बर्फ' म्हटल्यावर निरुताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांकडे बघत राहिले. त्यांना काय ठाऊक, ते कुणाला काय सांगताहेत!

"आणि तो आजारही बर्फाखाली लपून बसला तर?" निरुताईंनी विचारलं.

"तो यकृतात आहे, बाई. तोंड गार केल्याने त्याचं काही वाचत नाही."

निरुताईंनी मान हलवली. पण खाली रिक्षाची वाट बघताना मला म्हणाल्या, "वसुंधरा, एक सांगून ठेवते. आवाज गेला तर मी परत इथे येणार नाही. मग दिवस कमी मिळाले तरी चालेल."

ऑगस्टमध्ये पहिली फेरी झाली. लागोपाठ पाच दिवस रोज जायचं आणि मग तीन आठवडे सुट्टी. इस्पितळातल्या फ्रिजवर माझा भरवसा नव्हता, म्हणून मी पाणी उकळून, गार करून घरीच बर्फ लावला आणि ह्यांच्या चहाच्या थर्मासमधून तो नेत असे. खिडकीशी आरामखुर्च्यांची रांग होती. तिथल्या सिस्टर मंजुलाबेन गोल चेहऱ्याच्या आणि मोठ्या आवाजाच्या. वाटीत खडे काढून देत म्हणायच्या, "बेन, मोढामां राखजो, चावी नइ जवानो, हं!" तोंडात धरून ठेवा, चावू नका. निरुताई मान डोलवायच्या. मला त्या काही ना काही कामाला पाठवत. खालून वर्तमानपत्र आण, रिक्षावाला थांबलाय का बघ. मी परत येई तेव्हा वाटी रिकामी असे.

पाच दिवस छान गेले. पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी मी पंखा बंद करून बसले आणि पलीकडून तानपुरा वाजला, पण त्यावर आवाज आला नाही. थोड्या वेळाने तानपुराही थांबला.

दार उघडंच होतं. निरुताई भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओठ सुजलेले, हनुवटीवर लाळ. तोंड उघडून त्यांनी मला दाखवलं. जिभेच्या कडा, गालांची आतली बाजू, सगळीकडे पांढरे चट्टे आणि त्याभोवती लाल. पाणी गिळतानाही त्यांच्या डोळ्यांतून धारा लागत.

ते दिवस वाईट गेले. मी भाताची पेज गाळून, गार करून चमच्याने देई. बोलणं बंद. पाटी-पेन्सिल दिली तर ती त्यांनी बाजूला सारली. शाळेतल्या बाई, पण लिहिण्याचा भारी कंटाळा. त्यांनी जवळ पेटी ओढून घेतली. हो असेल तर दोन सूर, नाही असेल तर एक. दोन म्हणजे हो, हे त्यांनी मला समजावलंच नाही. मलाही ते विचारावं लागलं नाही.

"डॉक्टरांना बोलावू का?" एक सूर.

"पेज अजून घेणार?" एक सूर.

"शैलाला कळवू?" एकच, पण इतका जोरात की शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं.

मी एकटीच माने डॉक्टरांना भेटून आले. त्यांनी विचारलं, बर्फ नीट धरला होता ना? मी छातीठोकपणे हो म्हटलं, रोज मी स्वतः नेत होते. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं. बर्फाने सगळं टळतं असं नाही, ते म्हणाले, पण एवढं व्हायला नको होतं. पुढच्या वेळी औषध बरंच कमी करावं लागेल, म्हणजे त्याचा जोरही कमीच.

घरी येऊन मी हे सगळं निरुताईंना सांगितलं. पेज निववता निववता उगाच म्हटलं, "तुम्ही तर बर्फ नीट ठेवला होतात. तरी असं कसं झालं?"

पेटीतून एक सूर आला.

मला वाटलं, बोट चुकलं. "बर्फ ठेवला होतात ना तोंडात?"

पुन्हा एक सूर. या वेळी लांब, भाता संपेपर्यंत.

"एकही दिवस नाही?"

एक सूर.

त्यांनी उशीखालून रुमाल काढून माझ्यापुढे ठेवला. त्याच्या एका टोकाला गाठ होती. मी सोडली तर आत लवंगा आणि ज्येष्ठमधाच्या काड्या. मग माझ्या ध्यानात आलं. मी वर्तमानपत्र आणायला खाली गेले की बर्फ रुमालात आणि तोंडात लवंग. गळा जपायचा असला की घरात जे करायचं, ते त्यांनी केलं होतं. त्यांना औषधाचं भय नव्हतं, बर्फाचं होतं.

मी संतापले. "अहो, मी उकळून, गाळून बर्फ लावते, थर्मास कवटाळून रिक्षातून नेते आणि तुम्ही रुमालात टाकता? शाळेतल्या मुलीने असं केलं असतं तर बाकावर उभं केलं असतंत!"

त्यांनी ओठ कसेबसे हलवले. बोललेले शब्द म्हणजे नुसती हवा होती. "गळ्याला... बर्फ... कसा लावू?"

त्यांची पेज तशीच ठेवून मी घरी आले. दिवेलागण झाली. सवयीने पंखा बंद केला आणि बसून राहिले. पलीकडे काही नाही. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की हे असंच असणार आहे आता, आणि घाईघाईने पंखा पुन्हा लावला.

पंधरवड्यात फोड भरून आले. आवाज परत आला, पण निरुताई आता परत इस्पितळात जाणार नाहीत हे मला त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. डॉक्टरांनी दिलेली इंग्रजी माहितीपत्रिका घेऊन मी त्यांच्यासमोर बसले आणि एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. त्या सुपारी कातरावी तसं माझं प्रत्येक वाक्य कातरत होत्या.

"गारव्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात," मी म्हटलं.

"म्हणजे काय होतं?"

"आवळतात."

"ते मला सांगू नकोस. अण्णा तेच सांगत. गार पाण्याने गळा आवळतो, सूर बाहेर येत नाही."

"तेच तर हवंय, निरुताई! आवळला पाहिजे. बाहेर काही येऊ नये म्हणून नाही, आत काही जाऊ नये म्हणून. त्या अर्ध्या तासात विष दारोदार फिरत असतं. तेवढा वेळ आपण दार लावून घ्यायचं."

गणपतरावांचा फोटो समोरच होता, फेटा बांधलेला, ओठ मिटलेले. निरुताईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे अण्णा म्हणत ते खरंच होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "बर्फाने गळा बंद होतो."

"अगदी खरं होतं."

"त्यांना तरी काय माहीत, कधी बंदही करावा लागेल म्हणून." मग पदर खोचत उठल्या. "कधी जायचंय?"

सप्टेंबरमधल्या दुसऱ्या फेरीच्या पहिल्या दिवशी मी कुठेही गेले नाही. मंजुलाबेननी वाटी दिली. निरुताईंनी बर्फाचा खडा दोन बोटांत धरला, डोळे मिटले आणि तोंडात टाकला. सहासष्टाव्या वर्षी, पहिल्यांदा. त्यांच्या खांद्यापर्यंत शहारा गेलेला मला दिसला. डोळ्यांत पाणी आलं. बोलायला मनाई होती तरी खडा गालात सरकवून त्या म्हणाल्या, "लोक हे पैसे देऊन खातात?"

"चूप बेसो, बेन!" मंजुलाबेन ओरडल्या, आणि पलीकडच्या खुर्चीतले वाढलेल्या दाढीचे गृहस्थ हसले. त्या खोलीत हसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

तोंडात बर्फ धरून अर्धा तास बसणं सोपं नसतं. दात ठणकतात, जीभ बधिर होते, कपाळात कळ जाते. निरुताईंनी ते रियाजासारखं केलं. पाठ ताठ, मांडीवर हात, बोटांनी मात्रा मोजत. एक खडा विरघळला की दुसरा. आधी बर्फ धरलाच नव्हता हे मी सांगितल्यावर डॉक्टरांनी औषध पुष्कळ कमी केलं नाही, थोडंसंच केलं. केस विरळ झाले, थकवा यायचा, पोट बिघडायचं. त्या सगळ्यावर बर्फाचा काही उपयोग नव्हता. पण तोंड राहिलं. एक-दोन बारीक फोड आले आणि गेले. आणि पलीकडून आवाज येत राहिला.

नवरात्रात आमच्या गल्लीत गरब्याचे भोंगे लागतात, तेव्हा त्या दुपारीच गाऊन घेत. मी दुपारची झोप सोडली.

तिसऱ्या फेरीच्या वेळी मी डॉक्टरांना विचारून बर्फाच्या पाण्यात वाळा घातला. निरुताईंना तो इतका आवडला की परतताना रिक्षा सुरसागरवरून निघाली तेव्हा त्यांनी गोळेवाल्याच्या गाडीकडे बोट दाखवलं.

"मुळीच नाही," मी म्हटलं. "तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली गेल्यात. उघड्यावरचं काही चालणार नाही."

"तू पण अण्णांचीच निघालीस."

ते मला लागलं. घरी येऊन मी उकळलेल्या पाण्याचा बर्फ स्वच्छ फडक्यात बांधून बत्त्याने कुटला, वाटीत दाबून बसवला, वर गुलाबाचं सरबत ओतलं. काडी नव्हती म्हणून चमचा खोचला. गॅलरीत बसून निरुताईंनी तो चोखून चोखून खाल्ला. ओठ लाल झाले, साडीवर डाग पडला. मध्येच थांबून म्हणाल्या, "वसुंधरा, तो तळ्यात पडलेला गोळाही असाच लागला असता का गं?"

मी म्हटलं, तो जास्त गोड असेल.

"हो ना," त्या म्हणाल्या आणि चमचा चाटत राहिल्या.

डिसेंबरमध्ये पोटाचा फोटो काढला. माने डॉक्टर तो दिव्यावर लावून बराच वेळ बघत होते. यकृतातले डाग वाढले होते, नवे आले होते. औषध आता बंद करू, ते म्हणाले, त्याने त्रासच जास्त होईल. मग काहीतरी करायचं म्हणून त्यांनी बॅटरी घेतली आणि निरुताईंना तोंड उघडायला सांगितलं.

"तोंड मात्र छान आहे, बाई."

"ते माझ्याकडे होतं," निरुताई म्हणाल्या. "बाकीचं तुमच्याकडे होतं."

डॉक्टरांनी बॅटरी विझवून खिशात ठेवली. निरुताईंनाच वाईट वाटलं असावं. दारापर्यंत जाऊन त्या वळल्या आणि म्हणाल्या, "बर्फाचं तुम्ही बरं सांगितलंत हो. नाहीतर हे तीन महिने मी मुकी असते."

त्यानंतर इस्पितळ नाही, थर्मास नाही. मला वाटलं होतं, सकाळी मोकळीक मिळेल. मिळाली, आणि त्या मोकळ्या सकाळी मला खायला उठल्या. निरुताईंचं गाणं तासाचं अर्ध्या तासावर आलं, मग काही मिनिटांवर. तानपुरा मांडीवर पेलेना, तेव्हा त्या मला म्हणाल्या, तू छेड. कोणती तार कोणत्या बोटाने, हे शिकवताना त्या माझ्यावर खेकसल्या. "घाई नको! गाडी सुटतेय का तुझी?" म्हणजे इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेलं गाणं मी शेवटी समोर बसून ऐकलं. जवळून ते वेगळंच होतं. श्वास ऐकू येत होता. सूर लागण्याआधीची धडपड दिसत होती. भिंतीने ती माझ्यापर्यंत कधी येऊ दिली नव्हती.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी गच्च्यांवर दिवसभर पतंग कापणाऱ्यांच्या "काप्यो छे!"चा गोंगाट होता. संध्याकाळी तो ओसरल्यावर त्यांनी खिडकी लावायला सांगितली आणि मारवा गायला घेतला. नाव त्यांनीच सांगितलं, मला कसं कळणार? आवाज बारीक झाला होता, पण स्वच्छ होता, कुठे खरखर नाही, अडखळ नाही. दोनच ओळी गायल्या. मग थकून पडून राहिल्या. समोर भिंत नव्हती, म्हणून मी तानपुऱ्याच्या भोपळ्यावर बोटाने दोनदा ठोकलं.

"हं," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "ऐकू यायचं बरं का मला, रोज."

एवढंच. त्या ठोकण्याबद्दल आम्ही बोललो ते असं.

फेब्रुवारीत शैला आली आणि शेवटपर्यंत राहिली. तेव्हा निरुताई फारशा शुद्धीवर नसत. पण जाग असली की पाणी मागत, पेज मागत, नावाने हाक मारत. एका पहाटे त्या गेल्या. तोंड मिटवताना शैलाला आत एकही फोड दिसला नाही, हे तिने मला दोनदा सांगितलं.

दिवस झाल्यावर ती सामान आवरत होती. "वहिनी, ताई गात होती म्हणता ना? कधीपर्यंत?"

"उत्तरायणापर्यंत नीट. नंतरही नुसता सा लावायच्या."

"कोण ऐकायला असायचं?"

"मी."

"तुम्हाला गाण्यातलं कळतं?"

"नाही," मी म्हटलं.

शैला तानपुरा घेऊन पुण्याला गेली. पेटी तिला नको होती, ती माझ्याकडे ठेवली. भात्याचं कातडं आखडू नये म्हणून मी अधूनमधून ती उघडते. वाजवता येत नाही. एक पट्टी दाबते आणि हवा संपेपर्यंत ऐकते.

शेजारच्या खोल्या तीन वर्षं बंद होत्या. आता तिथे छाणी गावाकडच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलाचं बिऱ्हाड आहे. त्याच्या बायकोला तिन्हीसांजेला मालिका लागतात, त्या मोठ्याने लावते. मुलगी चांगली आहे, मला "मासी" म्हणते. एकदा तिने विचारलं, "मासी, इतक्या उकाड्यात तुम्ही या वेळी पंखा का बंद ठेवता?" मी म्हटलं, सवय.

फ्रिजमधला बर्फाचा ट्रे मी अजून उकळलेल्या पाण्यानेच भरते. मला स्वतःला गार सोसत नाही, दात शिवशिवतात.